चित्रपानावरची मिशी

आमच्या घरात पहिलं जाड पुस्तक आलं ते गंजाच्या जागी. गंज म्हणजे भात शिजवायचं पातेलं. आईचा जुना गंज बुडाशी गळायला लागला होता, आणि बाबा दसऱ्याला नागपूरला निघाले तेव्हा तिनं त्यांना दोनदा बजावलं होतं. दर दसऱ्याला आमच्या पांढुर्ण्याच्या वस्तीतून माणसं पॅसेंजर भरून नागपूरला जात आणि येताना कोणी तसबीर आणी, कोणी वंदनेची पुस्तिका. बाबा दुसऱ्या दिवशी परतले ते वर्तमानपत्रात बांधलेलं एक चौकोनी ओझं खांद्यावर घेऊन. आईनं ते खालीवर पाहिलं आणि म्हणाली, "चौकोनी गंज पहिल्यांदाच पाहून राहिली मी."

आतून निघालं काळ्या कापडी बांधणीचं, विटेएवढं जाड पुस्तक. भारतातल्या शिल्पकलेचा इतिहास. मधे गुळगुळीत कागदाची चित्रपानं, आणि बाकी सगळं इंग्रजी. बाबा मराठी चौथी शिकलेले. आई अंगठ्यावाली. मी तेव्हा आठवीत होते आणि माझं इंग्रजी गाईच्या निबंधापुरतं होतं. म्हणजे हे पुस्तक आमच्या घरात कोणालाच वाचता येणारं नव्हतं, आणि ते विकत आणताना बाबांना याची पूर्ण कल्पना होती.

"भात कशात शिजवू आता? याच्यात?" आईनं विचारलं.

"चित्रं तं पाय," बाबा म्हणाले.

बाबा नगरपालिकेत नळ सोडायच्या कामावर होते. हातभर लांब लोखंडी किल्ली घेऊन पहाटे निघायचे, ह्या आळीच्या पाण्याचा वॉल उघड, त्या आळीचा बंद कर. त्यामुळे गावात त्यांना नाव असं नव्हतंच. सगळे नळवाले म्हणत. दुसरी ओळख म्हणजे मिशी. जाड, काळीभोर, दोन्ही टोकांना पीळ दिलेली. किल्ली फिरवून झाली की रिकामा हात आपोआप मिशीकडे जाई आणि तिथंही दोन आटे फिरवी. माझे आजोबा गेले तेव्हा भाऊबंदांनी मिशी उतरवायला सांगितलं होतं. बाप गेला की मिशी काढायची, हा जुना रिवाज. बाबांनी साफ नकार दिला. "आपन दीक्षा घेतली तवाच ते सारं सोडलं ना? मंग मिशी कायले सोडू?" भाऊबंद वर्षभर आमच्याशी बोलले नाहीत. मिशी मात्र राहिली.

पुस्तक आल्यापासून रविवारी दुपारी दारातल्या निंबाखाली बाबांचं वाचन सुरू झालं. वाचन म्हणजे ते पान उघडून धरत आणि चित्राखालच्या इंग्रजी ओळीवरून बोट फिरवत मराठीत सांगत. ओळ वीतभर आणि सांगणं अर्धा तास. त्यांचा सगळा इतिहास पाण्यावरून चाले. जुन्या शहरातल्या स्नानकुंडाचा फोटो आला की म्हणत, "हे पाहा, इथं वॉल असन, या कोपऱ्यात. बिना वॉलचं एवढं पानी थांबत नाही." मगरीवर उभी असलेली एक देखणी नदीदेवता होती, ती त्यांच्या मते त्या राज्याच्या पाणीखात्यात होती. एक बाई झाडाची फांदी धरून कमरेत वाकून उभी होती. तिच्याबद्दल त्यांनी सांगितलं की ही नळाच्या रांगेत फार वेळची उभी आहे. वस्तीतली माणसं जमत, हसत, पण ऐकत. त्यातली निम्मी आपल्या आळीचं पाणी पाच मिनिटं वाढवून मिळेल या आशेनं येत, हेही खरं. ते कधी वाढलं नाही.

मला या सगळ्याची लाज वाटे आणि अभिमानही वाटे. दोन्ही एकदमच वाटत, त्यामुळे मी निंबाच्या अलीकडे न बसता पलीकडे बसत असे.

आमचा विहार म्हणजे जामनदीच्या काठावर टिनाचं छप्पर घातलेली एक खोली. नदीच्या पलीकडे सावरगाव. आत भिंतीवर तसबिरी होत्या, मूर्ती नव्हती. मूर्तीसाठी वस्तीतल्या बाया कैक वर्षं दर पौर्णिमेला घरटी मूठभर धान्य काढून ठेवत. संत्र्याच्या बागांत तोडणीला जाणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बाया त्या. स्वतःच्या घरात चिमूट कमी पडली तरी ही मूठ चुकायची नाही. मी अकरावीत होते त्या वर्षी ती मूर्ती करायचं ठरलं. विहार समितीचे अध्यक्ष रेल्वेतून निवृत्त झालेले गँगमन होते. रूळ तपासून तपासून त्यांची नजर अशी झाली होती की कुठं काही वाकडं दिसलं नाही तर त्यांना चैन पडत नसे. ते आणि बाबा सौंसरला एका मूर्तिकाराकडे गेले.

हा मूर्तिकार गणपती करी, देवी करी, कान्होबा करी आणि तान्ह्या पोळ्याला मातीचे बैल करी. सिमेंटचंही काम त्याला येई. पण बुद्ध त्यानं कधी केले नव्हते. "चार हाताचे केले, आठ हाताचे केले," तो म्हणाला, "दोन हाताचं काम मोठं कठीन. लपवाले काई भेटतच नाही. फोटो हाये का?"

फोटो! बाबांची छाती तिथंच दोन इंच फुगली असणार. पुढच्या रविवारी पुस्तक आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून ते एस.टी.नं सौंसरला गेलं. बुद्धांची चित्रं त्यात पुष्कळ होती, पण बहुतेक आगपेटीएवढी. पानभर असं एकच होतं, काळंपांढरं, छातीपर्यंतचं. नागमोडी केस, दोन्ही खांदे झाकलेलं जाड वस्त्र, डोळे अर्धे मिटलेले. बाबांनी तेच पान उघडलं. मूर्तिकारानं विचारलं, "छातीच्या खाली काय करू?" बाबांनी पान उलटलं. मागच्या बाजूला एक दुसरेच बुद्ध मांडी घालून बसले होते. "खाली हे कर," बाबा म्हणाले. त्या दोन चित्रांमध्ये शेकडो वर्षांचं आणि शेकडो कोसांचं अंतर होतं, हे मला फार पुढे कळलं. एस.टी.च्या प्रवासाएवढ्या वेळात बाबांनी ते मिटवून टाकलं.

पुस्तक मूर्तिकाराकडे ठेवायला मात्र ते तयार नव्हते. म्हणून दर रविवारी स्वतः जात. एका रविवारी मीही गेले. मांडवात मूर्ती अर्धी उभी होती, सळया आणि जाळीवर सिमेंट चढत होतं. समोर स्टुलावर बाबा बसले होते, उघडं पुस्तक छातीशी धरून, वरची कड बरोबर हनुवटीखाली. मूर्तिकार मान वर करी, चित्र पाही, मान खाली घाली. पुन्हा वर करी. चित्राच्या वर बाबांचा चेहरा होता, मिशीसकट, आणि तो न हलता गंभीर बसला होता. मला हसू आलं, ते मी दाबलं. मधेच मूर्तिकार जवळ आला आणि नाकाखालच्या भागाचं माप घ्यावं म्हणून त्यानं ओल्या सिमेंटचा अंगठा पानावर टेकवला. बाबा किंचाळलेच. सिमेंट वाळल्यावर नखानं खरवडून काढलं तेव्हा त्याबरोबर गुळगुळीत कागदाचं सालही निघालं. नाकापासून हनुवटीपर्यंत पांढरा डाग. त्यानंतर बाबा पुस्तक घेऊन सौंसरला गेले नाहीत; चेहऱ्याचं उरलेलं काम मूर्तिकारानं आठवणीनंच केलं.

बुद्धपौर्णिमेच्या दोन दिवस आधी, मे महिन्याच्या रणरणत्या दुपारी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कडब्यावर बसून मूर्ती पांढुर्ण्याला आली. बायांनी ओवाळली, विहारात चौथऱ्यावर बसवली, मूर्तिकारानं गोणपाट काढलं. सगळ्यांनी हात जोडले. मग एकेकाचे हात हळूहळू खाली आले.

मूर्तीला मिशी होती.

जाड, आणि टोकांना पीळ. मग मागून एका म्हातारीचा आवाज आला, "अवं माय, हा तं नळवाला होय!"

जे हसले ते हसले, पण बाबा हसले नाहीत. अध्यक्षांना अखेर वाकडा रूळ सापडला होता. ते मूर्तीकडे पाहत, मग बाबांकडे पाहत. "नळवाले, कैक वर्ष बायाइनं मूठ मूठ टाकली. ते का तुमचा पुतळा कराले?"

"पुस्तकात हाये मिशी," बाबा म्हणाले. "मी तीन वर्ष झाले ते पान पाहून राहिलो."

पुस्तक आणलं गेलं. पान उघडलं. नाकाखाली पांढरा डाग. निंबाखाली ते चित्र सगळ्यांनी लांबूनच पाहिलेलं, तिथं मिशी होती की नव्हती कोणाला सांगता येईना. ज्या एका जागेवर बाबांची इज्जत अवलंबून होती, नेमकी तेवढीच जागा पानावर नव्हती.

मूर्तिकार कानस घेऊन पुढे झाला. "भांडू नका. मिशी घासून टाकतो. पन आताच सांगून ठेवतो, तिच्या आत तार हाये. ओठ राहीन का फुटन, काई सांगता येत नाही." बायांमधून हाय निघाली. एवढ्या वर्षांच्या मुठींचा ओठ फुटका! आणि घासली, तर बाबांनी वस्तीच्या मुठी घेऊन स्वतःचा पुतळा करवला हे कायमचं पक्कं होणार. त्यानंतर निंबाखाली त्यांचं एक अक्षर कोण ऐकणार होतं?

"खाली इंग्रजीत लिवलं हाये ना," कोणीतरी म्हणालं. "पोरगी अकरावीत हाये. वाच म्हना."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाबांनीही. मी पुस्तक हातात घेतलं. एकच ओळ होती. तिच्यातले बुद्ध आणि गांधार हे दोन शब्द मला लागले. बाकीचे शब्द मी आयुष्यात पाहिले नव्हते. गाईच्या निबंधात ते येत नाहीत.

मी त्या ओळीवर बोट ठेवलं, बाबा ठेवत तसंच, आणि सुरू झाले. "हे गांधार देशातले बुद्ध आहेत. तिकडं थंडी फार. तिथली माणसं मिशी ठेवत. मूर्ती करणाऱ्यांनी भगवंतांना आपल्या माणसांसारखं पाहिलं, म्हणून मिशी केली. पुढं मूर्ती गरम मुलखात आल्या तेव्हा मिशी गेली." बोट ओळीच्या टोकाला जाऊन दोनदा परत आलं होतं. थांबायची हिंमत होईना.

अध्यक्षांनी पानाकडे निरखून पाहिलं. "एवढं सारं? एका ओळीत?"

"इंग्रजीत थोडक्यात असते काकाजी," मी म्हणाले.

इंग्रजीचा धाक मोठा. पण अध्यक्ष म्हणजे रुळांवर चाळीस वर्षं चाललेला माणूस. ते म्हणाले, "मिशी असन. गांधारवाले ठेवत असन. पन हा पीळ? हा पीळ तं सारं गाव ओळखते. परवा लोक वंदना कराले येईन आन् याईले पाहून हसन. उद्या सकाळी ठरवू."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी सोडून झाल्यावर बाबा नेहमीप्रमाणे घरी आले नाहीत. आई चुलीपाशी होती. दारात कोणी उभं राहिलं म्हणून तिनं वर पाहिलं आणि हातातला चिमटा खाली टाकला. बाबांच्या ओठावर काही नव्हतं. तिथली कातडी बाकी चेहऱ्यापेक्षा गोरी होती, पुस्तकातल्या डागासारखीच.

"कोन गेलं वो?" आईनं विचारलं.

"कोनी नाही गेलं."

"मंग हे काय करून आले?"

बाबा काही बोलायच्या आत समोरच्या आळीतल्या एक काकू डोक्यावर पदर घेऊन आल्या. त्यांनी बाबांना न्हाव्याकडून येताना पाहिलं होतं. मागोमाग आणखी दोघी. रिवाज आम्ही सोडला होता, पण गावानं सोडला नव्हता. मिशी उतरली म्हणजे कोणीतरी गेलंच. एकीनं तर आईच्या गळ्यात पडून रडायला सुरुवातही केली. कोण गेलं ते नंतर विचारू, असा तिचा विचार असावा. आई बिचारी तिचीच समजूत घालत बसली. त्या गोंधळातून बाबा निघाले आणि सरळ विहारात गेले. मी मागे.

तिथं मंडळी जमली होती. मूर्तिकार कानस घेऊन बसला होता. बाबा चौथऱ्याजवळ मूर्तीशेजारी जाऊन उभे राहिले आणि लोकांकडे तोंड केलं.

"आता पाहा," ते म्हणाले. "दिसतो का मी याईच्यावानी?"

कोणी हसलं नाही. मूर्ती होती तिथंच, शांत, मिशीसह. शेजारी एक सडपातळ, बिनमिशीचा, ओळखू न येणारा माणूस उभा होता, आणि तो माझा बाप होता. ज्यानं स्वतःच्या बापासाठी मिशी दिली नाही, त्यानं ती आज दिली होती. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही.

अध्यक्षांनी एकदा मूर्ती पाहिली, एकदा बाबांना. "नाही दिसत," ते म्हणाले, आणि मूर्तिकाराला म्हणाले, "कानस ठेव भाऊ झोऱ्यात." पौर्णिमेची वंदना त्याच मूर्तीपुढे झाली.

गुळगुळीत ओठामुळे गावानं बाबांना भंतेजी, म्हणजे बौद्ध भिक्खू, म्हणून चिडवलं ते पुढे दोन वर्षं. त्या दिवशी घरी आल्यावर मात्र ते ओसरीवर बसून पुस्तक पुसत होते तेव्हा मला हळूच म्हणाले, "बाई, इंग्रजीत खरंच एवढं थोडक्यात असते?"

"तुम्ही दर रविवारी वाचता ना," मी म्हणाले. "तुम्हालेच माहीत."

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. हसता हसता त्यांचा हात सवयीनं ओठावर गेला आणि तिथं काहीच न सापडून परत खाली आला. तो हात तसा जाताना आणि परत येताना मी पुढे वर्षानुवर्षं पाहिला. मिशी त्यांनी पुन्हा कधी वाढवली नाही.

मी शिकले, नोकरीला लागले, आणि पुढे एकदा नागपूरच्या एका वाचनालयात तेच पुस्तक माझ्या हाती आलं. काळं कापड, तीच वीट. मी उभ्याउभ्याच ते पान काढलं. डाग नसलेलं. मिशी होती! खरंच होती. खालची ओळही आता वाचता आली: बुद्ध, गांधार, राखी दगड. संपलं. थंडी नाही, मुलूख नाही, काही नाही. आणि जी मिशी होती ती पेन्सिलीनं ओढावी तशी बारीक, ओठाला धरून गेलेली. जाडी नाही. पीळ तर अजिबात नाही.

पुढच्या सुटीत पांढुर्ण्याला गेले तेव्हा बाबा निवृत्त झालेले होते. निंबाखाली खाट टाकून बसले होते. मी म्हणाले, "बाबा, पुस्तकात मिशी आहे. मी पाहिली."

"असन ना. मी सांगतलंच होतं."

"पण पीळ नाही तिला."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. वर निंबाकडे पाहत म्हणाले, "मले माहीत होतं. गोनपाट काढलं तवाच दिसलं, हा पीळ माहा हाये म्हनून. त्याची तरी काय चूक? पुस्तकाच्या वर माहंच थोबाड. मंग? बायाइच्या मुठीचा ओठ फोडू देऊ? दोघापैकी एकाची काढनं भाग होतं. माही सोपी होती."

सोपी होती म्हणे.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. तसबीर करायची म्हणून आम्ही घर धुंडाळलं तेव्हा एकच फोटो सापडला, पेन्शनच्या कागदांवरचा, बिनमिशीचा. त्याआधी त्यांचा फोटो कोणी काढलाच नव्हता. माझ्या मुलीनं त्यांना मिशीत पाहिलेलं नाही. ती विचारते कशी होती, तर मी तिला नदीकाठच्या विहारात नेते.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी बाया मूर्ती पुसतात. पहिला मान आईचा असतो. तिला आता चौथरा चढवत नाही, दोघींनी धरावं लागतं. ती ओलं फडकं घेते आणि आधी मिशी पुसते, एक टोक, मग दुसरं टोक, आणि दर वर्षी पुटपुटते, "गंज काई आनला नाही शेवटपर्यंत."